होडी हळू चालवणं हे वेगात पळवण्यापेक्षा अवघड का? गळ ओढणाऱ्यांसाठी आणि पुरात बोट हाकणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी

सातारा-सांगली म्हटलं की लोकांना ऊस, हळद आणि द्राक्षं आठवतात. मासेमारीचं नाव निघालं की बोट रत्नागिरीकडे दाखवलं जातं. पण आपल्या दोन जिल्ह्यांतही पाणी कमी नाही. कृष्णा, कोयना, वारणा या नद्या आहेत. कोयनानगरच्या धरणामागे थेट तापोळ्यापर्यंत पसरलेला शिवसागर जलाशय आहे. शिवाय कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरला की कोकण. चिपळूण-रत्नागिरीकडे सोयरीक असलेली घरंही आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यामुळे होडी, इंजिन आणि गळ हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा काठावर माणसं मावत नाहीत. वेगाला टाळ्या मिळतात. हळू चालणाऱ्या होडीला कोणी टाळ्या वाजवत नाही. पण जाणत्या तांडेलाला विचारा, तो सांगेल की होडी पळवणं सोपं, थांबवणंही सोपं, तासभर एकाच मंद चालीने सरळ नेणं मात्र अवघड. ओढत्या गळाने मासे धरायचे असतील तर हेच अवघड काम यावं लागतं. आणि महापुरात छपरावर बसलेल्या माणसापर्यंत बोट न्यायची असेल तेव्हाही हेच कसब लागतं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

ट्रोलिंग आणि ट्रॉलर, घोळ करू नका

आपल्याकडे "ट्रॉलर" म्हटलं की समुद्रात मोठं जाळं तळाशी किंवा मधल्या पाण्यात ओढणारी यांत्रिक नौका डोळ्यांसमोर येते. इंग्रजीत त्या पद्धतीला वेगळा शब्द आहे. "ट्रोलिंग" म्हणजे जाळं नव्हे, गळ ओढणं. चालत्या होडीच्या मागे एक किंवा जास्त दोऱ्या सोडायच्या. टोकाला गळ, आणि गळावर खरं आमिष (तारली, छोटा बांगडा) किंवा खोटं आमिष (चकाकणारा चमचा, प्लास्टिकचा मासा, पिसं). होडी पुढे जाते, आमिष पाण्यात पोहल्यासारखं दिसतं आणि शिकारी मासा त्यावर झडप घालतो.

समुद्रात सुरमई, कुपा असे मासे असे धरतात. लक्षद्वीपचे मच्छीमारही गळ ओढून मासे धरतात. गोड्या पाण्यात मरळ, शिवडा, महाशीर असे मासे हलत्या आमिषावर येतात. एकेक मासा गळाने येतो, त्यामुळे तो चेंगरत नाही, ताजा राहतो. पिल्लं, नको असलेले मासे जाळ्यात येतात तशी नासाडीही होत नाही. छोट्या होडीवाल्याला परवडणारी ही पद्धत आहे. अट एकच, चाल बरोबर हवी.

किती हळू?

समुद्रात वेग "नॉट" मध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. पूर्वी जहाजावरून लाकडी फळी बांधलेला दोर पाण्यात सोडत. दोराला ठरावीक अंतरावर गाठी असत. वाळूचं घड्याळ संपेपर्यंत जेवढ्या गाठी हातातून गेल्या तेवढा वेग. इंग्रजीत गाठीला नॉट म्हणतात, तेच नाव वेगाला पडलं.

चालीचा साधारण अंदाज असा:

• जिवंत आमिष ओढायचं असेल तर १ ते २ नॉट. यापेक्षा वेगात ते दमतं, मरतं.
• मेलेला अखंड मासा आमिष म्हणून लावला असेल तर २ ते ३ नॉट. जास्त वेगात तो भोवऱ्यासारखा फिरतो, दोरीला पीळ बसतो आणि आमिष फाटतं.
• प्लास्टिकचे मासे, चमचे वगैरे समुद्रात ५ ते ७ नॉटपर्यंतही ओढतात. पण गोड्या पाण्यात, विशेषतः थंडीत पाणी गार झाल्यावर, मासा सुस्त असतो. तिथे १ ते २ नॉट पुरे.

म्हणजे हळू ट्रोलिंगची चाल माणसाच्या रमतगमत चालण्याएवढी. निवांत माणूस ताशी ३-४ किलोमीटर चालतो, ते झाले साधारण २ नॉट. आता प्रश्न असा की इंजिन एवढं हळू चालतं का?

इंजिन एवढं हळू का जात नाही?

थोडं गणित करू, आठवीच्या मुलालाही जमेल असं.

मागे टांगायचं एक इंजिन घ्या. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला तरी ते मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. गिअरमध्ये ते निम्मे झाले असं धरा, म्हणजे पंखा ४०० फेरे फिरतो. पंख्याची चाल ११ इंच असेल, म्हणजे एका फेऱ्यात तो स्क्रूसारखा साधारण २८ सेंटीमीटर पुढे सरकायला बघतो. ४०० गुणिले ०.२८ म्हणजे मिनिटाला ११२ मीटर, ताशी ६.७ किलोमीटर. पाणी काही लाकूड नाही, पंखा त्यात घसरतो. एक तृतीयांश घसरण धरली तरी उरतात ताशी साडेचार किलोमीटर, जवळपास अडीच नॉट.

म्हणजे इंजिन सगळ्यात हळू चालवूनही होडी जिवंत आमिषाला हवं त्यापेक्षा जास्त पळते. मागून वारा असेल तर आणखी जास्त. मग नवखा माणूस काय करतो? इंजिन बंद करतो. आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

हळू झालं की सुकाणू ऐकत नाही

सुकाणू होडी वळवतं ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला तर सुकाणूचा जोर निम्मा नाही, चौथा हिस्सा उरतो. वेग एक तृतीयांश झाला तर जोर नववा हिस्सा. मागे टांगलेल्या इंजिनात वेगळं सुकाणू नसतं, पंख्याचा झोतच होडी वळवतो. तिथे न्यूट्रल केलं की वळवण्याची ताकद जवळजवळ संपली.

दुसरीकडे वाऱ्याचा जोर मात्र कमी होत नाही. वीस फुटी होडीची वाऱ्याला सापडणारी बाजू ४ चौरस मीटर धरली, तर ताशी १५ किलोमीटरचा साधा वारा तिला साधारण ४ किलोच्या जोराने आडवं ढकलत राहतो. होडी वेगात असताना हे जाणवतही नाही. हळू असताना तोच वारा होडीचं पुढचं टोक फिरवून टाकतो, होडी लाटेला आडवी होते, डोलायला लागते आणि मागच्या दोऱ्या एकमेकींत गुंततात.

म्हणून या विद्येचं सार एवढंच: वेग कमी करायचा, पण सुकाणूवरचं किंवा पंख्यामागचं पाणी वाहतं ठेवायचं. इंजिन चालू, पंखा फिरता, आणि तरी होडी हळू. हे कसं साधायचं ते आता पाहू.

आधी वेग मोजायला शिका

हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि मोबाईल वेग दाखवतो. पण तो जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतो. माशाला आणि आमिषाला जमिनीशी काही देणंघेणं नसतं, त्यांना पाण्यातला वेग कळतो.

समजा नदी ताशी २ किलोमीटरने वाहते आहे आणि आमिष पाण्यात ताशी ३ किलोमीटरने ओढायचं आहे. प्रवाहाच्या उलट जाताना मोबाईलवर १ दिसेल. प्रवाहाबरोबर जाताना ५ दिसेल. आमिषाची चाल दोन्हीकडे सारखीच. जो फक्त मोबाईल बघून दोन्हीकडे ३ ठेवतो, त्याचं आमिष एकीकडे ५ च्या वेगाने धावतं आणि दुसरीकडे १ च्या वेगाने बुडतं. कृष्णेत आणि खाडीत भरती-ओहोटीच्या वेळी हा फरक मोठा असतो. शिवसागरासारख्या साठलेल्या पाण्यात तो फारसा नसतो.

पाण्यातला वेग मोजायला महागडं यंत्र लागत नाही. नारळाच्या शेंडीचा किंवा सुक्या लाकडाचा तुकडा घ्या. एकाने पुढच्या टोकापाशी तो बाजूला पाण्यात टाकावा, दुसऱ्याने मागच्या टोकाशी तो यायला किती सेकंद लागले ते मोजावं. वीस फुटी, म्हणजे साधारण ६ मीटर लांबीच्या होडीसाठी:

• १२ सेकंद लागले तर वेग साधारण १ नॉट
• ६ सेकंद लागले तर २ नॉट
• ४ सेकंद लागले तर ३ नॉट

दुसऱ्या लांबीची होडी असेल तर होडीची लांबी मीटरमध्ये घ्या, तिला ३.६ ने गुणा आणि सेकंदांनी भागा. ताशी किलोमीटर मिळतात. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. मुलांना सोबत नेलं तर हे काम त्यांच्याकडे द्या, अंतर-वेळ-वेगाचा धडा पुस्तकाशिवाय पक्का होईल.

वेग कमी करायचे सहा मार्ग

१. वाऱ्याकडे तोंड करा. हा फुकटचा मार्ग. वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध, थोडं तिरकं जायचं. वारा होडीला अडवतो, इंजिन थोडं ढकलतं आणि पंख्याचा झोत चालू असल्यामुळे होडी ताब्यात राहते. वाऱ्याच्या पाठीवर हळू जायचा हट्ट धरू नये. तिथे होडीही पळते आणि मागून येणारी लाट तिला आडवी करायला बघते.

२. गिअर आत-बाहेर. इंजिन मंद ठेवून आठ-दहा सेकंद गिअरमध्ये, मग तेवढाच वेळ न्यूट्रल, पुन्हा गिअर. सरासरी वेग खाली येतो. आमिष थोडं बुडतं, पुन्हा वर उसळतं, आणि पुष्कळदा याच उसळीवर मासा येतो. मात्र गिअर बदलताना इंजिन पूर्ण मंद असावं आणि दांडा एका झटक्यात टाकावा. हळूहळू, चाचपडत टाकला तर गिअरचे दात घासतात. दिवसभर हेच करत राहिलं तर गिअरची झीज होते, म्हणून हा तात्पुरता उपाय समजावा.

३. बादली किंवा कापडी छत्री. पाण्यात अडथळा ओढायचा. जाड ताडपत्रीची नरसाळ्याच्या आकाराची पिशवी सगळ्यात चांगली. नसेल तर मजबूत बादली. ३० सेंटीमीटर तोंडाची एक बादली २ नॉट वेगात होडीला साधारण ४ किलोच्या जोराने मागे ओढते. पण हा जोरही वेगाच्या वर्गाने वाढतो. ४ नॉटला १६-१७ किलो आणि ८ नॉटला ६५-७० किलो. म्हणून बादली पाण्यात असताना ॲक्सिलरेटर वाढवायचा नाही. वाढवला तर बादलीचा कान तुटेल, नाहीतर होडीचा खुंटा.

बांधताना तीन गोष्टी पाळा. दोर होडीच्या मधल्या भागात बांधा आणि दोन्ही बाजूंना सारख्या बादल्या लावा. दोराची लांबी एवढीच ठेवा की तो सुटा झाला तरी पंख्यापर्यंत पोचणार नाही. पंख्यात दोर गुंतला की खोल पाण्यात होडी लंगडी झालीच. आणि पिशवीच्या शेपटाला एक बारीक दोरी बांधून होडीत ठेवा. ती ओढली की पिशवी उलटी होते आणि पाणी सोडून सहज वर येते. आडवा वारा असेल तर ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला एकच बादली सोडूनही होडीचं तोंड सरळ ठेवता येतं.

किती बादल्या? अडथळाही वर्गाने वाढतो, हे लक्षात ठेवा. इंजिनाचा जोर तोच ठेवून वेग निम्मा करायचा तर एकूण अडथळा चौपट हवा. म्हणजे एका बादलीने फार फरक पडला नाही म्हणून निराश होऊ नका. एकेक वाढवत, दर वेळी लाकडाच्या तुकड्याने वेग मोजत जा.

४. पंखा बदला. कमी चालीचा पंखा बसवला, समजा ११ इंचांऐवजी ९ इंचांचा, तर त्याच फेऱ्यांत होडी सुमारे १८ टक्के हळू जाते. पण मग पूर्ण वेगात इंजिन मर्यादेपेक्षा जास्त फेरे घेऊ शकतं. म्हणून मेकॅनिकला विचारल्याशिवाय पंखा बदलू नये.

५. छोटं इंजिन. मोठ्या इंजिनाशेजारी ५ ते १० अश्वशक्तीचं छोटं इंजिन लावतात. येण्या-जाण्याला मोठं, गळ ओढायला छोटं. इंधन वाचतं आणि मोठं बिघडलं तर घरी यायला आधार राहतो. शांत जलाशयात बॅटरीवरची छोटी मोटरही चालते. दोन सारखी इंजिनं असतील तर एकच चालवा.

६. वल्हं. याला विसरू नका. दोन वल्ह्यांवर एक माणूस दीड-दोन नॉटची चाल सहज धरतो. आवाज नाही, धूर नाही, उथळ पाण्यातला मासा बुजत नाही. छोट्या तळ्यात यापेक्षा चांगलं साधन नाही.

इंजिनाचीही काळजी घ्या

इंजिन तासन् तास मंद चालवणं त्याच्या तब्येतीला चांगलं नाही. टू-स्ट्रोक इंजिनात प्लगवर काजळी आणि तेल साचतं. मंद फेऱ्यांत बॅटरी नीट चार्ज होत नाही. म्हणून साधारण तासाभराने दोऱ्या आणि बादल्या वर घ्याव्यात आणि दोन-तीन मिनिटं इंजिन चांगल्या वेगात चालवावं. इंजिनातून बाहेर पडणारी थंड पाण्याची धार सारखी बघत राहावी. धार थांबली म्हणजे पाणी ओढायच्या जाळीत शेवाळ किंवा प्लास्टिक अडकलं. लगेच इंजिन बंद करून बघावं, नाहीतर इंजिन तापून जाईल.

वळताना मासा तुम्हाला उत्तर देतो

होडी सरळ चालत असताना सगळी आमिषं एकाच वेगाने जातात. वळताना मात्र आतल्या बाजूचं आमिष हळू होतं आणि खाली बसतं, बाहेरच्या बाजूचं वेग घेतं आणि वर येतं. कोणत्या आमिषावर मासा आला ते लक्षात ठेवा. आतल्यावर आला तर तुमची चाल जास्त आहे, कमी करा. बाहेरच्यावर आला तर वाढवा. म्हणून जाणते लोक तळ्यात सरळ रेघ न मारता सापासारखं नागमोडी जातात. वळण मात्र मोठं घ्यायचं, आखूड वळणात दोऱ्या गुंततात.

मासा लागला की लगेच इंजिन बंद करू नये. दोन-चार सेकंद तीच चाल ठेवावी म्हणजे गळ पक्का बसतो. मग बाकीच्या दोऱ्या गुंडाळायच्या आणि न्यूट्रल करायचं. दोरी पाण्यात असताना होडी मागे घेणं टाळा, दोरी सरळ पंख्यात जाते. या कामात घाई चालत नाही. उर्दूत आपण ज्याला सब्र म्हणतो, तोच इथे निम्मा धंदा आहे.

नियमाची एक गोष्ट, जी पुष्कळांना माहीत नसते

समुद्रात जाळं टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेला इतर यांत्रिक नौकांनी वाट द्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण १९७२ च्या याच नियमांत स्पष्ट म्हटलंय की ओढते गळ लावलेली नौका त्या व्याख्येत येत नाही. कारण तिची हालचाल जाळ्याने अडलेली नसते. म्हणजे तुम्ही गळ ओढत असाल तर तुम्ही एक साधी यांत्रिक होडी आहात. समोरचं जहाज वाट देईल, असं धरून बसू नका. रात्री मासेमारीचे लाल-पांढरे दिवे लावायचे नाहीत, साध्या यांत्रिक नौकेचेच दिवे लावायचे. हळू चालणाऱ्या होडीला बाजूला व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून लवकर बघा आणि लवकर वळा.

इतर काही नियमही पाळायचे आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. धरणांचे जलाशय शासन मच्छीमार सहकारी संस्थांना वगैरे ठेक्याने देतं, त्यामुळे तिथे परवानगी घ्यावी लागते. कोयनेच्या पाण्याला लागून अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचे नियम लागू होतात. महाशीर मिळाला तर हळूच परत सोडावा, नद्यांत तो आता पूर्वीसारखा दिसत नाही.

पुरात हीच विद्या जीव वाचवते

आता सांगली जिल्ह्याच्या काळजाला लागलेल्या गोष्टीकडे येऊ. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्या दिवसानंतर आपल्या भागातल्या कितीतरी गावांत बोट, इंजिन, जॅकेट हे शब्द घरोघरी बोलले जाऊ लागले. पण बोट आली म्हणजे ती चालवण्याची कला आली असं होत नाही.

पुरात बोट चालवणाऱ्याला वर सांगितलेलं सगळं उपयोगी पडतं.

पहिली गोष्ट, पाण्यातला वेग आणि जमिनीवरचा वेग. गल्लीतून पाणी ताशी ५ किलोमीटरने वाहतंय असं समजा. बोटीचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध करून इंजिन ५ च्या चालीवर ठेवलं, तर बोट घरासमोर जागच्या जागी उभी राहते. जमिनीच्या हिशोबाने वेग शून्य, पण पंख्याचा झोत चालू, म्हणजे बोट पूर्ण ताब्यात. तोंड थोडंसं तिरकं केलं की ती हळूच बाजूला सरकत भिंतीला लागते. म्हणून माणसांपर्यंत नेहमी प्रवाहाच्या खालच्या बाजूने, वर तोंड करून जायचं. प्रवाहाबरोबर वाहत जाऊन घराजवळ थांबायचा प्रयत्न केला तर बोट आडवी होते, आणि आडवी झालेली बोट प्रवाह भिंतीवर किंवा झाडावर दाबून उलटवतो.

दुसरी गोष्ट, लाट. वेगातल्या बोटीची लाट मातीच्या ओल्या भिंतीवर आदळते. आपल्याकडे पुरात लोक गुळाच्या काहिलीत बसूनही बाहेर पडतात. एका बोटीची लाट अशी काहील पालथी करायला पुरेशी असते. वस्तीत शिरलं की चाल माणसाच्या चालीएवढीच ठेवा.

तिसरी गोष्ट, पंखा. पुराच्या पाण्याखाली कुंपणाच्या तारा, झाडाच्या फांद्या, ठिबकच्या नळ्या असतात. मंद चालीत काही अडकलं तर धक्का कमी बसतो आणि सावरायला वेळ मिळतो. पुढे एक माणूस काठी घेऊन पाणी चाचपत बसावा. पाण्यातल्या माणसाला वर ओढताना न्यूट्रलवर विसंबू नका, बोट धरून ठेवायला दुसरा आधार मिळाला की इंजिन बंदच करा.

चौथी गोष्ट, वजन. भरलेली होडी खाली बसते, उशिरा वळते आणि उशिरा थांबते. त्यात एका बाजूला चार माणसं उठून उभी राहिली की तिचा तोल जातो. बोटीवर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त नको. जॅकेट घालूनच बसायचं, खाली बसायचं, उभं राहायचं नाही. दुसरी फेरी मारणं परवडतं.

पाचवी गोष्ट बंधाऱ्यांची. कृष्णेवर जागोजागी बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी शांत दिसतं, पण त्याची ओढ वाढत जाते. तिथे गळ ओढतानाही इंजिन बंद करून वाहत राहू नका, आणि पुरात तर त्या बाजूला फिरकूच नका.

सराव कधी करावा?

पूर आल्यावर शिकायला वेळ नसतो. ज्या गावांनी बोटी घेतल्या आहेत, तिथल्या तरुणांनी हिवाळ्यात, वारा नसलेल्या सकाळी, शांत पाण्यात सराव करावा. सोबत नदी जन्मभर पाहिलेला एखादा भोई समाजातला किंवा नावाडी घराण्यातला जाणता माणूस घ्यावा, त्याच्या तजुर्ब्याला कुठल्याही पुस्तकाची सर येत नाही.

सराव सोपा आहे. पाण्यात दोन बोये सोडा, शंभर मीटर अंतरावर. त्यांच्यामधून होडी २ नॉटच्या चालीने सरळ न्या. मग दीड नॉट, मग १ नॉट. लाकडाच्या तुकड्याने वेग मोजा. एका बोयापाशी वाऱ्याकडे तोंड करून पाच मिनिटं जागच्या जागी उभे राहा. बादली बांधा, काढा, पुन्हा बांधा. मागे एक गळही सोडा. दोन तासांचा सराव होईल, आणि नशीब असेल तर संध्याकाळच्या कालवणाचीही सोय होईल.